पाटावरून उठताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. मुलाच्या लहानपणच्या रेघा दोनदा तेलरंग देऊनही पुसट दिसतात. त्यांच्या शेजारून आता नातीच्या रेघा वर चढत निघाल्या आहेत. २०२५च्या मे महिन्यात, सुट्टीतल्या एका सकाळी, या अकरा वर्षांच्या नातीनं उठल्याउठल्या चौकटीला पाठ टेकली आणि नानांकडून रेघ मारून घेतली. रात्री जेवणाआधी सहज म्हणून पुन्हा उभी राहिली, तर डोकं सकाळच्या रेघेच्या खाली! चांगलं सेंटिमीटरभर.

"नाना, मी कमी झाले," ती रडवेली होऊन म्हणाली.

नानांना रेल्वेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. अशी एखादी शंका कुणी आणून दिली, की त्यांना बढती मिळाल्यासारखा आनंद होतो. त्यांनी नातीला शेजारी बसवलं. पाठीच्या कण्याच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात, दिवसभर उभं राहून, बसून, उड्या मारून त्यांच्यातलं पाणी थोडं थोडं दबून बाहेर जातं, आणि रात्री आडवं झालं की त्या पुन्हा फुगतात. नवी गादी सकाळी उंच दिसते आणि चार पाहुणे बसून गेले की चेपते, तसंच. मग खात्री करायची म्हणून नानांनी घरातल्या सगळ्यांची उंची मोजायचा घाट घातला. सुनेची मोजली, मुलाची मोजली, स्वतःची मोजून घेतली. सकाळी सगळे उंच, रात्री सगळे कमी.

"माझी नका मोजू," माई दिवाणावरून म्हणाल्या. "मी दिवसभर आडवीच असते. मी सकाळसंध्याकाळ सारखीच."

सगळे हसले. नानाही हसले. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांच्या लक्षात यायला पुढे महिनाभर लागला.

माईंना एप्रिलमध्ये न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस इस्पितळात आणि नंतर तीन आठवडे घरी अंथरुणात. ताप गेला, खोकला गेला, पण घरातल्यांची काळजी गेली नाही. सत्तर वर्षांचं वय, त्यात एवढं आजारपण. नानांनी फर्मान काढलं, की माईंनी आता जमिनीवर बसायचं नाही. विळी माळ्यावर गेली आणि ओट्यावर सुरी आली. पूजेला बसायचा पाट भिंतीशी उभा राहिला आणि देवघरासमोर प्लॅस्टिकची खुर्ची आली. भाजी घरपोच येऊ लागली. पाण्याची कळशी, गव्हाचा डबा, वाळत घालायच्या ओल्या चादरी, एकेक वजन प्रेमानं त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं. कुणी पाहुणा आला की नाना अभिमानानं सांगत, "तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही."

जून उजाडला आणि नातीच्या डोक्यात अंतराळ शिरलं. २५ जूनला शुभांशु शुक्ला यांचं यान अमेरिकेतल्या फ्लोरिडाहून उडालं आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. सोबत त्यांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेल्याची बातमी आली, तेव्हा तर घरातल्या पोळ्यांपेक्षा तिकडच्या जेवणाची चर्चा जास्त. तिथे पाव का नेत नाहीत? चुरा हवेत पसरतो म्हणून. दिवसातून सूर्य किती वेळा उगवतो? सोळा वेळा, कारण स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं. वजन कसं करतात? काट्यावर उभं राहून उपयोग नसतो, म्हणून स्प्रिंगला धरून हेलकावे घ्यायचे आणि हेलकावा किती सावकाश होतो त्यावरून हिशेब करायचा. त्यांची उंची वाढते का? वाढते तर! कण्यावर भारच नाही, त्यामुळे पाच सेंटिमीटरपर्यंतसुद्धा वाढते, आणि परत आलं की जाते. नात चौकटीकडे हेव्यानं बघत राहिली.

पण एका गोष्टीवर दोघांचं अडलं. "तिथे पृथ्वीची ओढ नसते म्हणून ते तरंगतात," असं ती शाळेतून ऐकून आली होती. नाना म्हणाले, चूक. स्थानक आहे कितीसं दूर? सरासरी चारशे किलोमीटर. म्हणजे बडोद्याहून मुंबईला गाडीनं जाण्याएवढंच, फक्त सरळ वर. तेवढ्यानं पृथ्वीची ओढ संपत नाही. तिथेही इथल्याच्या जवळजवळ नव्वद टक्के ओढ असते.

"मग ते खाली का पडत नाहीत?"

"पडतातच आहेत. सारखे पडतातच आहेत."

हे काही तिला पटेना. तेव्हा नानांनी प्रयोग करायचं ठरवलं. न्हाणीघराजवळचा वजनकाटा (आकडे चमकवणारा नव्हे, फिरत्या काट्याचा जुना) पिशवीत घातला आणि दुपारी शाळा सुटल्यावर नातीला घेऊन ते अलकापुरीतल्या एका ओळखीच्या इमारतीत गेले, कारण तिथे अकरा मजल्यांची लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये काटा ठेवून नाना त्यावर उभे राहिले. थांबलेल्या लिफ्टमध्ये चौसष्ट किलो. लिफ्ट खाली सुटली त्या क्षणी काटा साठाजवळ आला, मग पुन्हा चौसष्टवर स्थिरावला. वर जाताना सुरुवातीलाच अडुसष्ट. सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक मजल्यावर दार उघडून माणसं आत बघायची, आणि काट्यावर गंभीरपणे उभे असलेले गृहस्थ पाहून पुढच्या लिफ्टची वाट बघायची. शेवटी वॉचमन आला. "काका, आ शुं करो छो?"

"वजन कमी करतो आहे," नाना म्हणाले.

लिफ्टचा दोर तुटला आणि ती नुसती पडत गेली, तर काटा शून्यावर येईल, हे नातीला परतीच्या रिक्षात समजलं. माणूसही पडतो, काटाही त्याच वेगानं पडतो, मग काट्यावर दाब कसला येणार? अंतराळ स्थानक म्हणजे अशीच पडती लिफ्ट. फक्त ती आडवी इतक्या वेगानं, ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटरनं, पळते आहे, की ती जेवढी खाली पडते तेवढीच गोल पृथ्वीची जमीनही तिच्याखालून वळत जाते. पडणं चालूच राहतं, पोचणं होत नाही. नात खूश झाली. नाना तिच्याहून खूश. कोपऱ्यावर थांबून दोघांनी शेंगोळी नव्हे, चांगलं आइस्क्रीम खाल्लं.

घरी आले तर माई दिवाणाच्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या.

पांढरी गोळी हातातून सुटून दिवाणाखाली गेली होती. ती काढायला त्या वाकल्या, मग सोयीचं पडेना म्हणून खाली बसल्या. गोळी मिळाली. उठायला गेल्या तर उठता येईना. दिवाणाचा पाय धरून पाहिला, हात टेकून पाहिले. मांड्या जणू दुसऱ्या कुणाच्या. फोन स्वयंपाकघरात. मुलगा-सून कामावर. शेजारणीला हाक मारायची लाज वाटली. बघायला कुणी आलं तर पदर तरी नीट असावा म्हणून तेवढा सारखा केला, आणि बसून राहिल्या. घड्याळात बघत होत्या, त्यामुळे नक्की माहीत होतं. एक तास आणि दहा मिनिटं.

"पडलीस का? लागलं का कुठे?" नाना घाबरून विचारत होते.

"पडले नाही हो. बसले. उठता आलं नाही, एवढंच."

नानांनी आणि नातीनं मिळून त्यांना उठवलं. त्या रात्री नाना जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, क्ष-किरण काढले. मोडलेलं काही नव्हतं. हाडांची घनता मात्र कमी निघाली आणि मांड्यांचे स्नायू, डॉक्टरांच्या शब्दांत, "सुट्टीवर गेलेले." औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "आता आराम बंद."

नाना चकित झाले. आराम बंद? महिनाभर ज्याचं कौतुक केलं, तेच चुकीचं? घरी येऊन ते नातीच्या अंतराळाच्या कात्रणांमध्ये काहीतरी शोधत बसले. आणि हळूहळू जे त्यांच्या लक्षात आलं, ते असं, की त्यांनी आपल्या घरात एक अंतराळवीर तयार केला होता. पडत्या लिफ्टची गरजच नव्हती. एक दिवाण, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि प्रेमळ माणसं पुरेशी होती.

यात अतिशयोक्ती वाटेल, पण अंतराळ संशोधक स्वतः हेच करतात. भारहीनतेत शरीराचं काय होतं, याचा अभ्यास जमिनीवर करायचा असेल, तर ते धडधाकट तरुण माणसांना अंथरुणात झोपवतात. डोक्याची बाजू सहा अंशांनी खाली केलेला पलंग, आणि जेवणखाण, आंघोळ, सगळं झोपूनच. २०१९मध्ये जर्मनीतल्या कलोन शहरात अशा एका प्रयोगात स्वयंसेवक साठ दिवस उठले नव्हते. पायांचे स्नायू बारीक होतात, हाडांतलं कॅल्शियम लघवीवाटे जाऊ लागतं, उभं राहिलं की चक्कर येते. अंतराळात व्यायाम केला नाही तर कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. जमिनीवर म्हाताऱ्या माणसाची तेवढी घटायला साधारण वर्ष लागतं.

शरीर हे असं का करतं? नानांना उत्तर रेल्वेत सापडलं. डभोईच्या छोट्या गाडीचा त्यांना मोठा जिव्हाळा. मियागाम ते डभोई ही ती लाइन, १८६२मध्ये सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढायचे! पुढे अशा किती छोट्या फाट्यांवरच्या गाड्या बंद झाल्या. ज्या रुळावर गाडी जात नाही, तिथे गँगमन कशाला ठेवायचा? हाडातही तसंच. हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात काही पेशी जुनं हाड सतत खणून काढत असतात आणि काही नवं भरत असतात. ज्या मार्गावर वजनाची वाहतूक आहे तिथे भरती चालू राहते. जिथे नाही, तिथे खणणारे कामावर आणि भरणारे रजेवर. हाड ज्या भाराला तोंड देतं त्याप्रमाणे स्वतःला घडवतं, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९२मध्येच लिहून ठेवलं आहे. स्नायूंचा हिशेब तर आणखी कडक. त्यांना पोसायला रोज खर्च येतो, त्यामुळे काम नसलं की कपात लगेच.

यातली एक हकीकत नानांनी नातीला सांगितली आणि तिनं ती माईंना. १९७०च्या जूनमध्ये निकोलायेव आणि सेवास्त्यानोव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सोयुझ-९ यानातून अठरा दिवस फिरून आले. तोवर एवढा मुक्काम कुणी केला नव्हता. वर असताना ते जमिनीवरच्या माणसांशी बुद्धिबळाचा डावसुद्धा खेळले आणि तो बरोबरीत सुटला. पण यान इतकं लहान, की व्यायामाला जेमतेम जागा. उतरले तेव्हा त्यांना धड उभं राहता येईना. यानाबाहेर यायला मदत लागली, आणि चालणं जमायला दिवस गेले. पोलादासारखी निवडून घेतलेली माणसं ती, वयानं तिशी-चाळिशीतली.

"अठरा दिवसांत?" माईंनी विचारलं. "मला तर महिना झाला." आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या बोलण्यातली ओशाळी छटा गेली. आपण आळशी नाही, आपल्याला जे झालं ते निकोलायेवलाही झालं, हे कळून त्यांना बरं वाटलं असावं.

त्यानंतर रशियनांनी अंतराळात व्यायामाची साधनं न्यायला सुरुवात केली. १९८४च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७वर गेले, तेव्हा त्यांनी तिथे योगासनं करून पाहिली, तीही याच प्रश्नासाठी. भारहीनतेत योगाचा किती उपयोग होतो, हे बघायला. आता अंतराळ स्थानकावर दीर्घ मुक्कामाला गेलेले अंतराळवीर दिवसाचे दोन-अडीच तास व्यायामात घालवतात. पळायच्या पट्ट्यावर स्वतःला ताणाच्या पट्ट्यांनी खाली बांधून घेतात, नाहीतर पहिल्याच पावलाला छताला जातील. आणि वजनं उचलतात.

इथे नातीनं नानांना पकडलं. "तिथे वजनाला वजनच नसतं. मग उचलतात काय?"

नाना या प्रश्नाची वाटच बघत होते. त्यांनी औषधाच्या डब्यातून सुई नसलेली सिरिंज काढली, दट्ट्या पूर्ण आत दाबला, पुढचं भोक अंगठ्यानं बंद केलं आणि म्हणाले, "आता ओढ." नातीनं ओढला, तर दट्ट्या रबरासारखा परत जायला बघतो. आत पोकळी, बाहेरून हवेचा दाब. स्थानकावरचं यंत्र याच तत्त्वावर आहे. निर्वात नळकांडी आणि त्यांतले दट्टे ओढायचे. २००८मध्ये ते वर नेलं, आणि त्यावर पावणेतीनशे किलोंच्या आसपासपर्यंत भार लावता येतो. बैठका, टाचा उचलणं, कंबरेतून वाकून जमिनीवरचं ओझं उचलल्यासारखं वर येणं. म्हणजे ज्या देशांनी चंद्रापर्यंत मजल मारली, त्यांनी शेवटी काय केलं, तर तालीम बांधली. नानांना हे फार आवडलं.

आवडण्याला कारण होतं. नाना लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात. माणिकरावांचं नाव ज्या आखाड्याशी जोडलेलं, तोच हा. जोर, बैठका, लेझीम, मल्लखांब, आणि खांद्यावरून फिरवायचे मुद्गल. दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत निघाला तोही याच शहरातून. बडोद्याला शरीर कमावण्याचं वेड होतं, आणि नानांच्या वाट्याला त्यातलं बऱ्यापैकी आलं होतं. त्यांचे मुद्गल अजून घरात आहेत. एक माळ्यावर, आणि एक बैठकीच्या दाराला टेकवलेला. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. तो तिथे पंधरा वर्षं आहे. पुसताना मोलकरीण तो पायानं सरकवते.

त्या रात्री नाना दिवाणखान्यातल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायला गेले. तिसऱ्या खेपेला जमलं. कुणी बघितलं नाही.

फिजिओथेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. तरुण, सुरती मराठी बोलणाऱ्या. माईंना वाटलं होतं, आता मालिश, शेक, असं काहीतरी असेल. बाईंनी दिवाणावर दोन उशा ठेवल्या. "आजी, यावर बसा. आता हात छातीवर. आता उठा." दोन उशांच्या उंचीवरून उठता आलं. आठ वेळा. शेवटच्या दोन वेळा दम लागला, पाय थरथरले. "तेच दोन कामाचे," बाई म्हणाल्या. "पहिले सहा नुसते मोजायचे." श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे म्हणत उठायचं, म्हणजे रक्तदाब चढत नाही. दहा वेळा सहज जमू लागलं की एक उशी काढायची. नंतर दुसरी. मग दिवाण सोडून स्टूल.

क्रोटोनच्या मायलो या ग्रीक पहिलवानाची जुनी दंतकथा आहे, की तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू रोज थोडं वाढे, त्याबरोबर तोही, आणि शेवटी तो बैल उचलू लागला. माईंचं वासरू उलटं होतं. ते रोज थोडं बुटकं होत होतं.

जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि हातांसाठी तूरडाळीच्या किलोकिलोच्या दोन कापडी पिशव्या. "डाळ वर करा, खाली करा, मग शिजवा," असं नात ओरडायची. आठवड्यातून तीनच दिवस. माई म्हणाल्या, रोज का नाही? तर स्नायू काम करताना वाढत नाहीत, नंतर विश्रांती घेताना वाढतात, आणि खाण्यात डाळ, दूध, दही असेल तरच. आराम वाईट नव्हता तर. त्याच्या आधी काही करायचं राहिलं होतं.

मधे एकदा माई कंटाळल्या. पाय दुखत होते, पाऊस होता. "या वयात काय होणार आहे?" म्हणून बसून राहिल्या. तेव्हा नानांनी त्यांना बॉस्टनची हकीकत सांगितली. तिथे वृद्धांच्या एका संस्थेत दहा अशक्त माणसांना पायानं वजन ढकलायचा व्यायाम आठ आठवडे दिला. सर्वांत लहान शहाऐंशी वर्षांचा, सर्वांत मोठा शहाण्णव. १९९०मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. दोघांनी काठी सोडली.

माईंनी हिशेब केला. "म्हणजे त्यांच्यात मी पोर."

"अगदी."

"मग ठेवा ती उशी."

माईंच्या मनात एक तारीख होती, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ती कळली ऑगस्टच्या सुरुवातीला, सुनेनं एक सूचना केली तेव्हा. या घरात ज्येष्ठा गौरी बसतात. त्यांना साडी नेसवायची, निऱ्या घालायच्या, दागिने चढवायचे, हे सगळं माई लग्न होऊन आल्यापासून पाटावर बसून करत आल्या होत्या. सून मायेनंच म्हणाली, "माई, यंदा गौरी टेबलावर बसवू या का? तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, मी नेसवते."

माई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी उश्यांशिवाय बारा वेळा केलं. नंतर आत जाऊन भिंतीशी उभा केलेला पाट पुसून ठेवला.

जुलैच्या मध्यात शुभांशु शुक्ला परतले. १५ तारखेला त्यांचं यान कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरलं. स्थानकावरचा मुक्काम अठरा दिवसांचाच, सोयुझ-९च्या उड्डाणाएवढा. त्यांनी तिथे केलेल्या प्रयोगांतला एक तर स्नायूंवरचाच होता. भारहीनतेत स्नायू का झिजतात, हे पेशींच्या पातळीवर बघायचं. परत आल्यावर त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी घरात फार गाजल्या. फोटो काढायला मोबाइल मागून हातात घेतला, तर तो जड लागला. आणि पलंगावर बसून काम झाल्यावर लॅपटॉप बंद करून त्यांनी तो सहज बाजूला हवेत सोडला, तरंगेल या सवयीनं. तो खाली पडला. सुदैवानं जमिनीवर गालिचा होता.

"बघा," माई म्हणाल्या, "मला कळशी जड लागली तेव्हा तुम्ही कळशी काढून घेतलीत. त्यांचा मोबाइल कुणी काढून घेतला का?"

नाना गप्प बसले. बावन्न वर्षांच्या संसारात असे प्रसंग फार आले नव्हते.

पाटावर बसण्याचा भाग बाईंनी शेवटी शिकवला, कारण तो ताकदीचा कमी आणि युक्तीचा जास्त. मांडी घातलेल्या माणसानं सरळ वर उठू पाहायचं नाही. आधी एका कुशीला वळायचं, हात टेकून गुडघ्यांवर यायचं, मग एक पाऊल पुढे रोवायचं, त्या गुडघ्यावर हात, आणि त्या पायानं जमीन खाली ढकलायची. शेजारी भक्कम स्टूल ठेवायचं. ही युक्ती घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला यायला हवी. बाईंनी ती नानांनाही करायला लावली. नानांनी सुरुवातीला "मी तालमीतला आहे," असं सांगून पाहिलं.

३१ ऑगस्टला गौरी आल्या. टेबल मांडलं नव्हतं. माई पाटावर बसल्या, तशा हळूच, स्टुलाला एक हात लावून. सून हाताशी, नात दागिन्यांचा डबा धरून. धाकट्या गौरीच्या निऱ्या मनासारख्या पडेनात म्हणून दोनदा सोडून पुन्हा घातल्या. दीड तास गेला. नाना बाहेर येरझाऱ्या घालत होते. आत जायची त्यांना मनाई होती.

मग नातीची हाक आली, "नाना, माई उठतेय!"

ते दारात आले. माई गुडघ्यांवर होत्या. उजवं पाऊल पुढे ठेवलं, गुडघ्यावर हात ठेवून जोर केला, आणि अर्ध्यात परत बसल्या. सून पुढे झाली. माईंनी हातानंच तिला थांबवलं. थोडा वेळ गेला. "एक," असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, बाईंनी शिकवल्याप्रमाणे, आणि स्टुलावर एक हात टेकवून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "हळदकुंकवाचं ताट कुठे आहे?" म्हणून सुनेवर थोडं ओरडल्या.

नातीनं दुसऱ्या दिवशी सकाळी माईंची उंची चौकटीवर मोजली. रात्री पुन्हा मोजली. सेंटिमीटरभर नाही, पण बोटाच्या नखाएवढी कमी भरली. तिनं शेजारी तारीख घातली.

बैठकीच्या दाराचा मुद्गल आता तिथे नसतो. नाना सकाळी गच्चीवर नेतात, एका हातानं पंचवीस फेऱ्या, दुसऱ्या हातानं वीस, आणि बरेचदा तो वरच विसरून येतात. त्यामुळे दुपारचा वारा सुटला की दार आपटतं. एखादी वीट आणून ठेवा, असं सून दोनदा म्हणाली आहे.